अपॉस्ट्रॉफी आणि आपण

इंग्रजी अर्ज लिहिताना भलेभले पदवीधर ‘इट्स’पाशी अडतात. अपॉस्ट्रॉफी द्यायची की नाही? दिलेली बरी, उगाच कमी पडायला नको, अशा उदार मनाने ती देतात आणि नेमके तिथेच चुकतात. वर वाटत राहतं, की खुद्द साहेबाच्या घरी हा घोळ नसणार.

साहेबाच्या घरी घोळ भाजीच्या दुकानापासूनच सुरू होतो. तिथला भाजीवाला पाटीवर टोमॅटो-बटाट्यांचं अनेकवचन लिहिताना ‘एस’आधी इतक्या नेमाने अपॉस्ट्रॉफी टांगतो, की ही चूक त्याच्याच नावाने ओळखली जाते. लंडनच्या भुयारी रेल्वेत ‘अर्ल्स कोर्ट’ला अपॉस्ट्रॉफी आहे, शेजारच्या ‘बॅरन्स कोर्ट’ला नाही. अर्लाचा मान बॅरनहून मोठा, म्हणून असेल! ‘वॉटरस्टोन्स’ने तर २०१२मध्ये आपल्या नावातून ती काढूनच टाकली, आणि हे पुस्तकविक्रेते!

हे सारं जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराला सोसवेना. त्यांनी २००१मध्ये इंग्लंडातल्या बॉस्टन गावी चक्क अपॉस्ट्रॉफी संरक्षण संस्था काढली. त्याच वर्षी त्यांना साहित्याचं ‘इग नोबेल’ मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक. २०१९मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं सांगून त्यांनी संस्था बंद केली. पुढे दुसऱ्यांनी ती पुन्हा चालू केली. हौसेला मरण नाही.

स्वल्पविरामाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची एक यादी होती. तिच्या शेवटच्या ‘किंवा’आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे मालाचं वितरण हे यादीतलं वेगळं काम, की नुसतं वितरणासाठीचं पॅकिंग, हेच कळेना. ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी त्यावर बोट ठेवलं. २०१७मध्ये अपील न्यायालयाचा कौल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी या इंग्रजाला देतात. अपॉस्ट्रॉफी मात्र आपल्याकडे फारशी रुजली नाही. तेव्हा तिच्यापायी कुणी खजील होऊ नये; चुकली तर दुरुस्त करावी आणि पुढे लिहावं. पण करारावर सही करण्याआधी त्यातले स्वल्पविराम तेवढे दोनदा वाचावेत.