जीएसएम किती?

लग्नपत्रिका हातात आली की माणसं आधी तारीख बघतात, मग जेवण किती वाजता ते बघतात. आमचे साडूभाऊ पत्रिका अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात आणि विचारतात, "जीएसएम किती?" वधूपिता गांगरतो. त्याला वाटतं, देण्याघेण्याचं काहीतरी विचारलंय. मग साडूभाऊ स्वतःच सांगून टाकतात, "तीनशे असंल. टिकंल."

जीएसएम म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकड्याचं ग्रॅममधलं वजन. कागदवाले, कापडवाले, ताडपत्रीवाले ते वापरतात, वापरोत बापडे. साडूभाऊंनी ते भाकरीला लावलं, पापडाला लावलं, नातवाच्या दुपट्याला लावलं. एका मयतीच्या घरी त्यांची दोन बोटं पांढऱ्या कापडाकडे निघालेली मी पाहिली. त्यांच्या बायकोनं, अक्कानं, वेळेवर कोपरानं ढोसलं म्हणून बरं.

असा एक तुमच्याही नात्यात आहेच. पंखा घ्यायचा म्हणून दोन उन्हाळे पंख्यांचा अभ्यास करणारा आणि तोवर घाम पुसत बसणारा. आमचे हे लातूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. लिहिणाऱ्यानंतर ते पूर्ण वाचणारा पहिला माणूस बहुधा आमच्याच घरातला निघाला. फंडाच्या पैशातून जुनी ट्रॅव्हलर आली, आतली बाकडी गेली, पलंग, शेगडी, मोरी आली. आरटीओच्या कागदांचं सांगत नाही. ते सगळ्यांचंच सारखं असतं. एवढं झाल्यावर शहाणा माणूस तुळजापूरला जाऊन आला असता. साडूभाऊ म्हणाले, "आता ऑनिंग."

ऑनिंग म्हणजे गाडीच्या कडेला ओढून घ्यायची सावली. ते बघायला त्यांनी नांदेड गाठलं, कारण नांदेडात मी आहे. शिवाय सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे तिथं पंजाबपासूनच्या गाड्या येतात, तेव्हा गाडीला वाट्टेल ते बसवून देणारा माणूस नांदेडातच सापडणार, असं त्यांचं ठाम मत. इटलीची फियाम्मा, स्वीडनची थुले या कंपन्यांची नावं ते सोयऱ्यांच्या गावांसारखी घेत. त्यांच्या कॅसेटमध्ये कापड गुंडाळलेलं असतं, हँडल फिरवलं की हात पसरत बाहेर येतं. महिनाभर परदेशी व्हिडिओ बघून त्यांनी गाडीची उजवी बाजू मिलिमीटरपर्यंत मोजून आणली होती.

"साडूभाऊ, दार डावीकडं आहे."

ते थांबले. युरोपात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून तिथलं दार उजवीकडे आणि सावलीही उजवीकडे. आपण यांच्या मापानं गेलो असतो तर नांदेड-लातूर रस्त्याच्या मधोमध, उसाच्या ट्रॅक्टरसमोर खुर्च्या टाकून चहा प्यायलो असतो. "मापं तर बरोबर होती," असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला.

कॅसेटची किंमत ऐकल्यावर इटली आणि स्वीडन दोन्ही देश त्यांच्या मनातून उतरले आणि आम्ही मोंढ्यात ताडपत्रीच्या दुकानी आलो. मोंढ्यात ताडपत्री विकत घेणं म्हणजे काय? शेतकरी येतो, दोन बोटांनी ताणून बघतो, भाव पाडतो, खांद्यावर टाकून जातो. परतीच्या पावसात सोयाबीनची बनीम झाकायची असते, त्याला वेळ कुठला? साडूभाऊ पिशवीतून स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा काढतात. एकशेवीस, दोनशे, अडीचशे असे तुकडे कापून मागतात, प्रत्येकाचं वजन करतात, चौरस मीटरला गुणतात. वरचा लेप सूर्याला टिकणारा आहे का, विचारतात. साधं प्लास्टिक मराठवाड्याच्या दोन उन्हाळ्यांत कडक होऊन पापडासारखं तुटतं, हे खरं आहे, पण ते दुकानदाराला त्याच्याच गादीवर बसून ऐकवायचं नसतं. रिंगा किती फुटांवर आहेत, पितळी की अॅल्युमिनियमच्या, कडेच्या शिवणीत दोरी आहे की नाही. दुकानदारानं चहा सांगितला. साडूभाऊंनी कागदी कप चोळला. मी मान फिरवली.

"जीएसएम किती?"

शेवटी अडीचशेची घेतली, आठ बाय दहा फूट. मग बसवणं आलं. टपाच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यात कापडाची दोरीवाली कड सरकवायची, बाहेर दोन खांब. चालत्या गाडीची रुंदी २.६ मीटरच्या पुढं जाता कामा नये, म्हणून सगळं सुटं, थांबल्यावर लावायचं. कापडाला उतार हवा, नाहीतर पावसाचं पाणी मधे साचून पोट सुटतं आणि खांबच आत ओढले जातात. म्हणून एक खांब आखूड. हे मी एका वाक्यात सांगितलं. साडूभाऊंनी त्यावर अख्खी दुपार घालवली. त्या उतारावरून एक सेंटीमीटर पाऊस पडला तर चौऱ्याहत्तर लिटर पाणी मिळेल, हे त्यांनी वहीत लिहून दाखवलं. हसू आलं नाही. २०१६ साली ज्या लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्या गावच्या माणसानं लिटर मोजले तर कोण काय बोलणार?

खुंट्यांचं मात्र त्यांच्या वहीत नव्हतं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तिथं खुंटी गडप होते. ओलीत ती हलक्या हातानंही निघते. आणि मुरमात शिरतच नाही. याची परीक्षा माळेगावात झाली.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री, आणि माळभर पालंच पालं. साडूभाऊंनी पातळीची बाटली लावली, पहिली खुंटी मुरमावर वाकवली, दुसरी वाकवली, तिसऱ्या वेळी ओढाताणीत कोपऱ्याची रिंगच उपटली. शेजारच्या पालातली एक म्हातारी तंबाखू मळत सगळं बघत होती. ती उठली, सुपारीएवढा खडा उचलला, ताडपत्रीच्या कोपऱ्यात गुंडाळला, खड्यामागून दोरीचा फास आवळला आणि दोरीचं दुसरं टोक एका धोंड्याला बांधलं.

"रिंगा कशाला लागत्यात, दादा? खडा घाला खडा."

तिचं पाल जुन्या लुगड्यांचं आणि गोणपाटाचं होतं. साडूभाऊ त्याच्याजवळ गेले. मी मनात म्हटलं, नको. त्यांनी कापड दोन बोटांत धरलं, बराच वेळ धरलं, आणि आयुष्यात प्रथमच काही न विचारता सोडून दिलं.

रात्री थंडी कडाक्याची. गाडीत पलंग, गादी, रजया असताना साडूभाऊ बाहेर ताडपत्रीखाली सतरंजी टाकून पडले. "आत या की," मी म्हणालो. ते वर बघत बोलले, "आमचं माळवद दीड फुटाचं होतं. गळू नये म्हणून बाप दर साली वर नवी माती टाकायचा."

त्यांचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या अंगाचं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली, पहाटेचे तीन छप्पन्न. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर हे माळवद. हजारो माणसं त्याखाली गेली.

"विसर्जनाहून उशिरा आलो म्हणून मी बाहेर बाजेवर पडलो होतो." आत कोण होतं हे मला अक्काकडून ठाऊक होतं, विचारलं नाही. "मग पाऊस लागला. मदतीच्या ताडपत्र्या आल्या. हलक्या, फडफडणाऱ्या. पण अंगावर पडली तरी माणूस उठून बसंल, अशी." जरा थांबले. ओठ हलत होते. हिशेब चालला होता. "चौरस मीटरला सातशे किलो धरा. सात लाख जीएसएम."

म्हणून त्यांचा त्रास कमी झाला असं समजू नका. सकाळी ते उंटवाल्याला त्याच्या झुलीचं वजन पटवून देत होते आणि मी, का कोण जाणे, टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. हल्ली नांदेडला आले की गाडी आमच्या दारात लागते, ताडपत्री पसरते, साडूभाऊ तिथंच झोपतात आणि कॉलनीतले लोक मला विचारतात की पाहुण्यांशी भांडण झालंय का. परवा मात्र जेवायला घरात आले. पाटावर बसले, वरण कालवलं आणि नजर वर गेली.

"पाच इंची स्लॅब आहे," मी आधीच सांगितलं. "आरसीसी. विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही. पहिला घास गिळला, बोटं वाटीत तशीच ठेवली.

"तीन लाख सतरा हजार," ते म्हणाले. "प्लास्टर सोडून."