फ्रिज आणि मारी

आमच्या घरातला फ्रिज कधी रिकामा नसतो. परवाची आमटी, अर्धं लिंबू, मान टाकलेली कोथिंबीर आणि ज्याचं झाकण उघडायची कुणाची छाती होत नाही असा एक डबा, एवढा ऐवज कायम असतो. त्यामुळे कंडक्टर कार्लोस क्लायबर होणं मला या जन्मी जमायचं नाही. हा माणूस घरचा फ्रिज रिकामा झाला की मगच ऑर्केस्ट्रासमोर उभा राहतो, असं कारायान म्हणायचे म्हणे. कारायान हेही कंडक्टरच, पण रेकॉर्डिंगमधले घाऊक व्यापारी, शेकड्यांनी माल. त्यांच्या या बोलण्यात खवचटपणा किती आणि हेवा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

क्लायबरनं (आवडत्या माणसाला माझ्याच्यानं अहो-जाहो होत नाही) स्टुडिओत केलेलं काम मोजायला दोन हातांची बोटं पुरतात: चार ऑपेरा, पाच सिंफनी आणि पियानोवादक रिख्टरबरोबर ड्वोर्झाकचा पियानो कॉन्चेर्टो. संपलं. तरी 2011 साली बीबीसीच्या संगीत मासिकानं शंभर कंडक्टरांना विचारलं, तेव्हा पहिला नंबर याचाच आला. तोवर त्याला जाऊन सात वर्षं झाली होती, म्हणून मतं देणाऱ्यांना मन मोठं करणं सोपं गेलं असेल.

वडील एरिश क्लायबर नावाजलेले कंडक्टर. बर्लिनमध्ये 1930 साली जन्मलेला हा मुलगा मुळात कार्ल. नाझींच्या काळात घर अर्जेंटिनात गेलं आणि तिथे त्याचा कार्लोस झाला. पोरानं आपल्या वाटेनं जाऊ नये, असं वडिलांना वाटे. मग झुरिकला रसायनशास्त्र. ‘आधी डिग्री घे, मग काय ते गाणं-बजावणं कर’ हे फक्त आपल्याकडेच ऐकावं लागतं असं नाही, तेवढंच समाधान. 1954 साली पॉट्सडॅमला पहिल्यांदा छडी हातात घेतली, तीही कार्ल केलर या टोपणनावानं.

व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर 1974 साली केलेली बीथोवेनची पाचवी मी किती वेळा ऐकली याला गणती नाही. तो चार सुरांचा ठोका सगळ्यांना ठाऊक आहे. पण कागदावर त्या सुरांच्या आधी एक विराम लिहिलेला असतो. छडी खाली येते ती त्या रिकाम्या जागेवर. सम कोरी सोडायची आणि सगळ्या ताफ्यानं लगेच मागून एकदम उठायचं. एक जरी व्हायोलिन आधी सुटलं तरी लाज. क्लायबरकडे हा ताफा असा सुटतो की आपण हातातला कप खाली ठेवतो.

एवढं साधायचं तर माणूस तालमीत छळणार, आणि छळूनही मनासारखं झालं नाही तर उठून जाणार. 1980 साली ड्रेस्डेनला वाग्नरच्या ‘त्रिस्तान’चं रेकॉर्डिंग चालू असताना तो असाच निघून गेला. तंत्रज्ञांनी तालमींच्या टेप हुशारीनं चालू ठेवल्या होत्या, म्हणून जोडजाड करून ऑपेरा पूर्ण झाला. त्यानंतर स्टुडिओला कायमचा रामराम. कार्यक्रमही विरळच. 1996 साली इंगोलश्टाटच्या कार्यक्रमासाठी त्यानं मानधनात नवीकोरी ऑडी घेतली. फ्रिजचा प्रश्न बहुधा तोवर मिटला असावा.

माझा सगळ्यात लाडका किस्सा मात्र 1982चा, व्हिएन्नातला. बीथोवेनच्या चौथ्या सिंफनीची तालीम. संथ भागाच्या सुरुवातीला दुसरी व्हायोलिनं एक छोटा ठेका धरतात. क्लायबरचं म्हणणं, तो ‘तेरेझे, तेरेझे’ असा वाजला पाहिजे. वादक वाजवत होते, ते त्याला ‘मारी, मारी’ ऐकू येत होतं. पुन्हा वाजवलं. पुन्हा मारी. साहेबांनी छडी ठेवली आणि ते चालते झाले.

याच सिंफनीचं त्याच वर्षी मे महिन्यात म्युनिकला झालेल्या कार्यक्रमातलं त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. परवा सकाळी चहा घेऊन तेवढ्यासाठी ऐकायला बसलो. डोळे मिटले, कान टवकारले. तेरेझे? असेल. पुन्हा मागे नेऊन ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना बायको स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली. तिला सगळी भानगड सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या कपाकडे बोट दाखवलं. मघाशी बुडवलेलं बिस्किट विरघळून तळाला गेलं होतं.

मारीच होतं.