बिनशेतीचा ट्रॅक्टरवाला

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफलो शहराच्या दक्षिणेकडच्या गावांमध्ये एक जमात राहते. जमीन दोन-अडीच एकर, तीही सगळी गवताची. नांगरणी नाही, पेरणी नाही. परसात टोमॅटोची चार रोपं, त्यातली दोन हरणांनी खाल्लेली. पण गॅरेजला लागून एक शेड आणि शेडमध्ये पंचवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. पंचवीसच का, हे विचारू नका. धुराच्या सरकारी नियमांवर पाऊण तास ऐकावं लागेल. हा बिनशेतीचा ट्रॅक्टरवाला. त्याचं एकमेव पीक म्हणजे बर्फ, आणि ते न पेरता उदंड येतं.

या पिकाला पाणी पुरवतं ईरी सरोवर. हिवाळ्याच्या तोंडाशी पश्चिमेकडून गार वारा सुटतो, तेव्हा सरोवराचं पाणी अजून कोमटच असतं. वारा वाटेत वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की बर्फ करून या गावांवर ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला सुमारे ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला. बफलो बिल्स या लाडक्या फुटबॉल संघाला घरचा सामना डेट्रॉइटला जाऊन खेळावा लागला. त्या दिवसांची बखर आमचा नायक कुठेही, उभ्या उभ्या सांगतो. त्या बर्फात त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर शेडचा उंबरासुद्धा ओलांडू शकला नव्हता, एवढं एक पान मात्र बखरीतून गळालेलं असतं.

ट्रॅक्टर घेताना त्यानं बायकोला हिशेब मांडून दाखवलेला असतो. ड्राइव्ह-वे ६० मीटर लांब, चार मीटर रुंद. एक फूट बर्फ पडला तर ७२ घनमीटर. भुसभुशीत ताजा बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी सात टन झाले. "सात टन मी फावड्यानं उचलू?" या प्रश्नावर ती काही बोलत नाही. पुढे फाळ लावलेली पिकअप घेऊन फिरणारा गावातला माणूस हंगामाचे ठरावीक पैसे घेतो आणि एवढंच काम दहा मिनिटांत उरकतो, हे तिला ठाऊक असतं. पण संसारात कुठे गप्प बसायचं, हेही तिला ठाऊक असतं.

ट्रॅक्टर ही नुसती सुरुवात. खरं व्यसन मागे जोडायच्या अवजारांचं. त्या व्यसनाचा मूळ पुरुष हॅरी फर्ग्युसन. या आयरिश गृहस्थाची तीन सांध्यांची जोडणी १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर पसरली. आपल्याकडचा शेतकरी त्याच तीन सांध्यांना रोटाव्हेटर नाहीतर पल्टी नांगर जोडतो. आमचा नायक आधी नुसतं पातं जोडतो. पातं स्वस्त, साधं आणि तिरकं लावलं की बर्फ गुमान कडेला लोटणारं. पण कडेचे ढीग दर खेपेला फुगतात आणि जानेवारी संपेपर्यंत चार मीटरचा ड्राइव्ह-वे अडीचवर येतो. मग स्नोब्लोअर घरात येतो. पीटीओच्या, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर तो बर्फ गिळतो आणि धुराड्यातून लांब भिरकावतो. कुठे भिरकावतो हे वाऱ्यावर अवलंबून. बरेचदा चालकाच्याच तोंडावर.

शिवाय ब्लोअर मागे, म्हणजे ट्रॅक्टर चालवायचा रिव्हर्समध्ये. तासभर मान मागे वळवून. या जमातीची पक्की खूण इथूनच मिळते. फेब्रुवारीत त्याला बाजूनं हाक मारा, नुसती मान वळत नाही. अख्खा माणूस वळतो. यावर क्युबेकमधल्या लोकांनी तोड काढली आहे. तिथे उलट्या तोंडाचा ब्लोअर गॅरेजच्या दाराशी टेकवतात आणि पुढे बघत ट्रॅक्टर सरळ रस्त्याकडे काढतात. ते यंत्र आमच्या नायकानं व्हिडिओत पाहिलं आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

ड्राइव्ह-वे खडीचा असेल तर रंगत आणखी वाढते. ब्लोअरच्या मळसूत्रात दगड अडकला की शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो. तो तुटला म्हणून गिअरबॉक्स वाचतो. त्यामुळे याच्या प्रत्येक खिशात एक बोल्ट. चर्चमध्ये दानपात्र समोर आलं आणि यानं खिशात हात घातला, की आधी बोल्ट निघतो, मग डॉलर. जे दगड अडकत नाहीत ते हिरवळीवर जाऊन पडतात आणि एप्रिलमध्ये हा ते दाताळ्यानं ओढून परत ड्राइव्ह-वेवर आणतो. याला तो वसंतातली मशागत म्हणतो.

घसरू नये म्हणून मागच्या चाकांना साखळ्या आणि टायरांच्या पोटात बीट साखरेच्या कारखान्यातली मळी. ती पाण्यापेक्षा जड आणि तिथल्या थंडीत न गोठणारी, म्हणून ट्रॅक्टर जमीन धरून राहतो. आपल्याकडे मळी कुठे जाते आणि ती प्यायल्यावर माणूस किती जमीन धरून राहतो, हे आपण जाणतोच.

शेती नसली तरी शेतकऱ्याचं एक दुःख मात्र याला अस्सल मिळालं आहे : बांधाचं भांडण. ड्राइव्ह-वे आरशासारखा लख्ख करून हा कॉफीचा पहिला घोट घेतो न घेतो, तोच गावचा प्लाऊ रस्ता साफ करत येतो आणि नेमका याच्या ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी कमरेएवढा बर्फाचा बांध घालून जातो. तो बांध पलीकडे ढकलायची सोय नाही. सार्वजनिक रस्त्यावर बर्फ टाकायला तिथल्या कायद्याची मनाई. म्हणून हा पुन्हा बूट चढवतो. वरवर चडफडतो, पण ट्रॅक्टर परत काढायला कारण मिळालं याचा आनंद कानटोपीतूनही दिसतो.

ट्रॅक्टर लाल महिंद्र असेल तर शेजारच्या मराठी कुटुंबाची खैर नाही. या कंपनीनं १९९४ साली टेक्सासात बस्तान मांडलं, हे त्याला तोंडपाठ. "तुमच्या मुंबईचा!" म्हणत तो हायड्रॉलिकच्या दाबाविषयी सल्ला मागतो. त्या घरातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरचा ट्रॅक्टरशी आलेला संबंध म्हणजे गावी जाताना उसाच्या ट्रॉलीमागे अडकण्यापुरता. तरी तो गंभीर चेहऱ्यानं "तेल बदलून पाहा" म्हणतो. सल्ला लागू पडतो, कारण तेल बदलायला हा कधीही तयारच असतो.

आता याच्या बाजूनं एक सांगायला हवं. स्वतःचा ड्राइव्ह-वे तासाभरात संपतो, टाकीत डिझेल उरतं आणि हौस तर कधीच संपत नाही. मग हा समोरच्या एकट्या आजीबाईंचा रस्ता मोकळा करतो, कोपऱ्यावरच्या बाळंतिणीचा करतो, पोस्टमनसाठी सगळ्यांच्या पत्रपेट्या उकरून काढतो. पिकअपवाला पैसे घेतो आणि हंगाम ऐन भरात असताना फोन उचलत नाही. हा पैसे घेत नाही आणि न बोलावता येतो. लोक त्याच्या अवजारांना हसतात, पण हसतात ते घरातून कामावर वेळेत पोचल्यानंतर.

तेव्हा नशिबानं असा शेजारी लाभला तर त्याला पैसे देऊ करू नका, रागावेल. गरम चहा द्या, सोबत चकली द्या. फक्त "पातं बरं की ब्लोअर?" हा प्रश्न हाताशी दोन तास मोकळे असल्याशिवाय विचारू नका.