सही जुळत नाही

पीएचपीत क्लोजर, म्हणजे बिननावाची फंक्शनं, २००९ पासून आहेत, आणि ते सीरियलाइज करता येत नाहीत हे भाषाच ठणकावून सांगते. म्हणून तर आम्ही करतो, चाइल्ड प्रोसेसकडे कामाला धाडण्यासाठी. लारावेलचं पॅकेज क्लोजरच्या ओळी मूळ फाइलीतून हुडकून काढतं, सोबतची व्हेरिएबल्स गुंडाळतं आणि वर गुप्त किल्लीनं शा-२५६ ची सही ठोकतं. चाइल्ड प्रोसेस आधी सही पडताळते, मगच कोडला हात लावते. हे मी ऑफिसात इतक्या ऐटीत समजावतो की पोरं टिपून घ्यायला मोबाइल काढतात. टिपूनच घेत असावीत.

परवा ऐन डेमोत चाइल्डनं सही नाकारली. मजकूर अक्षरन् अक्षर तोच. धाडणाऱ्या पॅरेंट प्रोसेसची किल्ली टेस्टची, आणि चाइल्ड नव्यानं बूट होऊन डॉट-ईएनव्हीतली किल्ली घेऊन बसलेली. एरर मात्र अदबशीर: क्लोजरमध्ये कुणीतरी फेरफार केला ‘असावा’.

बँकेत हे ‘असावा’ नसतं. माझी सही कॉलेजात वह्यांच्या मागच्या पानांवर घडवलेली आहे. खाली फराटा, त्यावर दोन टिंबं. पुढेमागे लोक मागतील, अशी तयारी. आजवर मागितली ती कुरिअरवाल्यानं, तीही मोबाइलच्या काचेवर बोटानं. आणि बँकेनं, नाकारण्यासाठी.

“ही तुमची नाही.”

“अहो, मी समोर उभा आहे!”

“तुम्ही आहात हो. सही नाही.”

माझं सोडा. अर्ध्या तालुक्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर बाबांची सही आहे. हल्ली हात थरथरतो. बँकेच्या स्लिपवर त्यांनी दातांत जीभ धरून सही केली. काउंटरवरच्या बाईंनी मान हलवली. “नेमकं कुठे बिघडतंय?” बाबांनी हेडमास्तरांच्या आवाजात विचारलं. बाई बोलल्या नाहीत. मला आतून संताप आला, आणि वर हेही ठाऊक की नियम बाईंच्या बाजूचा आहे. पीएचपीतलं हॅश-इक्वल्स सही ताडताना मुद्दाम सारखाच वेळ घेतं. कितपत जुळली याचा चोराला सुगावा लागू नये म्हणून. पण समोर चोर नव्हता, बाबा होते.

चाइल्डला पॅरेंटचीच किल्ली दिली, ती मुकाट कामाला लागली. बाबांना बाईंनी नमुना सही बदलण्याचा फॉर्म दिला. तळाशी रकाना होता: अर्जदाराची सही, जुन्या नमुन्याप्रमाणे.