फुलवाला

मोखाड्याच्या नाक्यावर सकाळी साडेसहाला कानावर पडणारा पहिला शब्द इंग्रजी असतो. ‘‘फुल आहे, फुल आहे, चला त्र्यंबक!’’ धावत जाऊन पाहावं, तर काळी-पिवळीत मागे एक म्हातारबाबा आणि पुढच्या सीटवर पिशवीतून मान काढून बसलेली कोंबडी. बाकी गाडी मोकळी.

हा आमचा फुलवाला. फुलं विकत नाही, जीप चालवतो. मी मराठीचा मास्तर, म्हणून माझं लक्ष ऱ्हस्व-दीर्घाकडे. दीर्घ ‘फू’ झाडावरचा, ऱ्हस्व ‘फु’ इंग्रजीतला. याच्या तोंडी कायम ऱ्हस्व. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘भरलेला’ असा दिलाय. कोशकारानं मोखाड्यात कधी गाडीची वाट पाहिली नसावी.

काल फुल पाऊस पडला. पुतण्या फुल हुशार, पण गणितात फुल नापास. मोबाइलला फुल रेंज. म्हणजे टपरीमागच्या दगडावर चढून हात वर केला, की एक काडी. आपल्याकडे या कामाला वेगवेगळी माणसं होती. वाट लागायची ती ‘पार’, नकार मिळायचा तो ‘साफ’, सकाळ व्हायची ती ‘लख्ख’ आणि भाकरीला मीठ लागायचं ते ‘अगदी’ थोडं. यानं सगळ्यांना घरी बसवून एकाच गड्यावर शेती चालवलीय.

गाडी खरंच कधी भरते, हे एकदा मी मोजलं. पुढे चार, मध्ये पाच, मागे गुडघ्याला गुडघे लावून आठ. हा म्हणाला, ‘‘हाफ झाली, सर.’’ मग आणखी दोघं आले, आणि हाच हाफ झाला: उजवी मांडी दाराबाहेर, स्टिअरिंगवर एक हात, दुसऱ्यानं टपाचा आधार. तक्रार करून जाणार कुठे? १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून फुटून आमचा जिल्हा पालघर झाला खरा. पण मोखाड्याला आजही पालघरपेक्षा नाशिक जवळ, आणि नाशिकची वाट याच्या जीपमधून जाते.

हा शब्द त्याच्या तोंडून शंभर टक्के खरा निघाल्याचं मी एकदाच ऐकलं. पावसाळ्यात मध्य वैतरणा भरलं होतं. आमच्याच तालुक्यातलं, कोचाळ्याचं, शंभर मीटरहून उंच धरण. पाणी जातं मुंबईला, आणि मे महिन्यात इथल्या पाड्यांवर बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात. मी विचारलं, ‘‘काय रे, धरण भरलं म्हणे?’’

‘‘फुल, सर. पण सगळ्या सीटा मुंबईच्या.’’

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्याची गाठ पडली ती एका मावशीशी. ओल्या फडक्यात गुंडाळलेली टोपली मांडीवर घेऊन ती मधल्या सीटवर बसली होती. नाशिकच्या बाजाराला मोगरा चालला होता. मोगरा पहाटे कळीतच खुडतात. भाव मिटलेल्या कळीला, उमलली की उतरला. गाडीत आम्ही सात. अर्धा तास झाला. हा बोनेटवर थाप मारत ओरडतोय, ‘‘फुल आहे, फुल आहे!’’

मावशी शांतपणे म्हणाली, ‘‘दादा, तुझी गाडी फुल होईस्तोवर माझ्या कळ्यांची फुलं होतील.’’

त्यानं टोपलीकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चावी फिरवली. मोखाड्याच्या इतिहासात पहिल्यांदाच जीप सात माणसांवर सुटली. वाटेत दोघांनी हात केला, त्यांना घेतलंच. स्वभावाला औषध नाही.

तोरंगणच्या घाटात एका वळणावर फडकं सरकलं आणि गाडीभर वास दरवळला. कोंबडीवाला, मास्तर, म्हातारबाबा, सगळे गप्प. यानं आरशातून मागे पाहिलं.

‘‘सर,’’ म्हणाला, ‘‘आत्ता झाली फुल.’’