बाबांचा दुधी, परदेशी कुंपण

स्टुटगार्ट, ऑगस्टचा शेवटचा रविवार

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

बामच्या रिकाम्या बाटलीतून तुम्ही दिलेलं दुधीचं बी उगवलं. नुसतं उगवलं नाही, वेल कुंपण ओलांडून शेजारच्या जर्मन आजोबांच्या टोमॅटोंची विचारपूस करून आला. काल पहिला दुधी उतरवला. तुमच्या जावयाने फोड तोंडात टाकली आणि असा चेहरा केला की पोरं घाबरून त्या आजोबांनाच बोलवायला पळाली. कडूजहर! तरी हा म्हणतो, "बाबांनी दिलंय. कडू म्हणजे गुणकारी असणार." तुमच्याच तालमीतला.

आजोबा आले. पहिला प्रश्न, "बी घरचं का?" हो म्हटल्यावर त्यांनी त्याला चूळ भरायला लावली आणि दुधी उचलून थेट अंगणात नेऊन ठेवला. त्यांच्या धास्तीला कारण आहे. इथून तासाभरावर हायडेनहाइम नावाचं गाव आहे. तिथे 2015 साली बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एक म्हातारे गृहस्थ दगावले. त्यांच्या बायकोने कडू लागतंय म्हणून थोडीच खाल्ली, ती वाचली. (हे वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखवा.)

या कडूपणाचं नाव कुकुर्बिटासिन. दुधी, झुकिनी, काकडी सगळ्या एकाच गोतातल्या, आणि हे त्यांचं कीड हाकलायचं विष. शिजवूनही ते जात नाही. कारल्याचं कडूपण वेगळं, तो त्याचा स्वभावच. दुधी कडू लागला तर मात्र काहीतरी बिघडलंय. पोटात कळा, उलट्या, कधी रक्ताच्या, रक्तदाब एकदम खाली. त्याला उतारा नाही, दवाखान्यात सलाइन लावून निभावून नेतात. आपल्याकडेही 2010 साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ दुधीचा रस पिऊन गेले. मग आयसीएमआरने समिती नेमली. तिचं म्हणणं सोपं होतं: आधी फोड चाखा, कडू असेल तर फेका, आणि दुसऱ्या रसात मिसळू नका.

आता तुमचा ग्लास आठवा. दुधी, कारलं, आवळा, वर आलं! त्यात दुधी कडू आहे हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. लहानपणी नाक दाबून किराईत पाजलंत, पाडव्याला कडुलिंब चारलात, त्यामुळे कडू लागलं की आपण थुंकत नाही, डोळे मिटून गिळतो आणि वर पुण्य लागल्यासारखे बसतो.

दुधीला माझी ना नाही. शंभरात शहाण्णव भाग पाणी, पचायला हलका, चणाडाळ घालून आईने केलेला तर मी इथे स्वप्नात खाते. पण तो हृदयाच्या नळ्या धुऊन काढतो, असं माणसांवर नीट तपासून कुणी दाखवलेलं नाही. त्या भरवशावर तुम्ही बीपीची गोळी अर्धी केल्याची खबर माझ्याकडे पोचली आहे. कुणी दिली ते विचारू नका, तिच्या हातचं जेवायचंय तुम्हाला. सोमवारी डॉक्टरांकडे जा.

आणि खरं सांगा, ते बी कुठलं? तंबोऱ्याचे भोपळे कडूच असतात म्हणे. मिरजेत राहून तुम्ही सतारमेकर गल्लीतून तर उचललं नाहीत ना?

तुमची,
बेबी

ता. क. जावयाने उरलेला दुधी वाळत टांगलाय. तंबोरा करणार म्हणतो. त्याचं गाणं तुम्ही ऐकलंच आहे.