उंच होशील तर खबरदार!

महापालिकेच्या शाळांमधलं कुपोषण हटवण्याचा बिनखर्ची उपाय अखेर सापडला आहे. मुलांनी उंच होऊ नये.

हसू नका, हिशेब करा. तिसरीतला आठ वर्षांचा मुलगा, वजन 18 किलो, उंची 112 सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, काढला तर येतो 14.3. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांसाठी धोक्याची रेघ 13.3 वर. म्हणजे पोरगा 'सामान्य'! मारा शिक्का, बोलवा पुढचा. तेवढ्याच वजनात तो 122 सेंटिमीटर असता, तर आकडा 12.1 वर घसरून बाईंना वर अहवाल पाठवावा लागला असता. वाढ खुंटली म्हणून बचावला बिचारा! आठव्या वर्षी मुलाची मध्यम उंची 127 च्या आसपास असते म्हणे, पण ते बघतो कोण? उंचीचा रकाना फक्त भागाकारापुरता.

मोजमापाचा सोहळाही बघण्यासारखा असतो. कुणी उभं राहण्याआधीच वजनकाटा दीड किलो दाखवतो. बूट काढायला वेळ नसतो. भिंतीवरची पट्टी जमिनीपासून चार बोटं वर ठोकलेली, त्यामुळे प्रत्येक पोर चार बोटं बुटकं. वजन जास्त, उंची कमी. दोन्ही चुका अहवालाच्या पथ्यावर.

तसंही पहिलीत पाऊल टाकलं की मूल मोठ्या आकडेवारीतून नाहीसं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाच वर्षांखालच्यांना मोजतं, मग थेट पंधराव्या वर्षी त्यांची आठवण काढतं. मधल्या वयाची पोरं देशभर मोजली ती 2016-18 च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने. पाच ते नऊ वयोगटात 22 टक्के खुजी, 23 टक्के हडकुळी निघाली. उगाच मोजलं!

आपल्या राज्याने मात्र सावधगिरी बाळगली. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं. अंडं खाऊन पोरं वाढली असती, तर तक्ता बिघडला असता. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचे पैसे बंद केले. हवं असेल तर लोकसहभागातून आणा. शाळेत वर्गणी काढायची, आणि ती कुणाकडून? ज्यांच्या घरी अंडं परवडत नाही त्यांच्याकडून.

पालकहो, पुढच्या पालकसभेत 'सामान्य'चा शिक्का बघून घरी येऊ नका. वयाच्या मानाने पोराची उंची किती हवी ते विचारा, आणि पट्टी जमिनीला टेकते का, तेही वाकून बघा.